पाकीट उलटं करा: मागचा तो छोटा तक्ता वाचायचा कसा

एखाद्या मार्टमधे बिस्किटांच्या रॅकपाशी पाच मिनिटं नुसतं उभं राहून बघा. लोक पुडा उचलतात, उलटा करतात, डोळे बारीक करून काहीतरी शोधतात आणि टाकतात ट्रॉलीत. शोधतात काय तर तारीख आणि किंमत. मी पण कित्येक वर्षं हेच करायचे आणि मला मनापासून वाटायचं की मी लेबल वाचून घेते.

हे फक्त माझं नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासकांनी दिल्ली आणि हैदराबादच्या सुपरमार्केटमधे १,८०० हून जास्त गिऱ्हाइकांना विचारून एक अभ्यास केला होता, तो २०१४ मधे छापून आला. त्यात ९० टक्के लोक म्हणाले की आम्ही लेबल वाचतो. पण बहुतेक म्हणजे ८१ टक्के लोक मुख्यतः तारीख बघत होते. घटक आणि पोषणाचा तक्ता बघणारे होते वाचणाऱ्यांपैकी एक तृतीयांश, आणि बाकीचे का बघत नव्हते तर तो तक्ता डोक्यावरून जातो म्हणून. शिकलेले, सुपरमार्केटमधे जाणारे लोक होते हे. मग आपल्या आयांचं, आज्यांचं काय होत असेल?

त्यात भाषेचा प्रश्न आहेच. नियमाप्रमाणे लेबलवरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत दिली की झालं, दुसरी भाषा कंपनीला वाटलं तर. म्हणजे माझी आई, जी रोज मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते, तिच्या हातात पाकिटाची मागची बाजू आली की ती निरक्षर होते. मला याचा खरंच राग येतो. म्हणून हे सगळं मराठीत सविस्तर लिहितेय. घरात कुणाला बीपी, शुगर असेल किंवा लहान मुलं असतील तर शेवटपर्यंत वाचा, आणि वाचताना घरातलं एखादं पाकीट हातात घेऊन बसा, म्हणजे पटापट कळेल.

तक्त्याच्या आधी घटकांची यादी

सगळे सांगतात कॅलरी बघा. मी म्हणते कॅलरी नंतर, आधी "इन्ग्रेडियंट्स" असं लिहिलेली ती गच्च भरलेली ओळ शोधा. याचा नियम एकदम सोपा आहे, जे सगळ्यात जास्त घातलंय ते पहिलं, मग उतरत्या क्रमाने बाकीचं, वजनाप्रमाणे. म्हणजे पहिली तीन नावं वाचली की पाकिटात मुख्यतः काय भरलंय ते कळलं. "रिफाइन्ड व्हीट फ्लार" म्हणजे मैदा. "व्हीट फ्लार" असेल आणि पुढे कंसात आटा लिहिलं असेल तर कणीक. "पामोलिन" किंवा "पाम ऑइल" म्हणजे पाम तेल, ज्यात जवळजवळ निम्मं सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यासारखी थिजणारी चरबी) असतं. आता समोर गव्हाची लोंबी आणि दुधाचा पेला काढलेला एखादा पुडा घ्या आणि यादी वाचा, मैदा, साखर, पाम तेल अशी सुरुवात असेल तर तो मैदा-साखर-तेलाचा पुडा आहे, लोंबी कितीही सोनेरी असो.

इथे एक नियम आपल्या खूप कामाचा आहे आणि फार लोकांना माहीतच नाही. पाकिटावर एखाद्या घटकाचा मोठा गाजावाजा केला असेल, शब्दांनी किंवा चित्राने, तर तो घटक किती टक्के घातलाय ते लिहावं लागतं. म्हणजे "नाचणी बिस्किट" असं नाव असेल तर यादीत नाचणीच्या पुढे कंसात टक्के असणार. ते शोधा. १० टक्के आहे का ४० टक्के आहे? बदामाचं चित्र असेल तर बदामाचा आकडा शोधा, मधाचं असेल तर मधाचा. मी हे करायला लागल्यापासून निम्मी "हेल्दी" पाकिटं परत रॅकवर ठेवलीत.

साखरेचं मात्र नीट बघावं लागतं कारण ती एका नावाने येत नाही. शुगर, लिक्विड ग्लुकोज, इनव्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, कॉर्न सिरप, हनी, जॅगरी, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट ही सगळी भावंडं. यादी वजनाप्रमाणे असल्यामुळे साखर चार नावांत विभागली की प्रत्येक नाव खाली सरकतं आणि पहिलं नाव ओट्सचं दिसतं. म्हणून ही नावं मोजा. तीन-चार सापडली तर सगळी मिळून ओट्सच्या पुढे जात असतील अशी शंका घ्यायलाच पाहिजे. माल्टोडेक्स्ट्रिन पण लक्षात ठेवा, ते तक्त्यात साखरेत धरलं जात नाही पण रक्तातली साखर पटकन वाढवतं, डायबेटिसवाल्यांनी तर ते नक्की बघावं.

आणि ते नंबर. नंबर दिसला की विष असं काहीजण सांगत फिरतात, व्हॉट्सॲपवर तर रोज एक यादी येते. तसं नाहीये. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, आपलं लिंबूफूल. ५०० म्हणजे खायचा सोडा. १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग. ३२२ लेसिथिन, बहुतेक वेळा सोयाबीनमधून काढलेलं. ६२१ म्हणजे ज्याला आपण सरसकट अजिनोमोटो म्हणतो ते. १०२ आणि ११० हे कृत्रिम पिवळे-केशरी रंग, मुलांच्या गोळ्या-चॉकलेटात, सरबतात दिसतात. नंबराला घाबरायचं कारण नाही, पण यादीत नंबरच नंबर असतील आणि ओळखीचा पदार्थ शोधावा लागत असेल तर तो पदार्थ रोज खायचा नाही एवढं तरी समजून घ्यावं.

आता तक्ता

तक्त्यात साधारण दोन-तीन कॉलम असतात. एक "पर १०० ग्रॅम" किंवा १०० मिली, एक "पर सर्व्ह" म्हणजे एका वेळचं, आणि एक टक्क्यांचा, "परसेंट आरडीए पर सर्व्ह", आरडीए म्हणजे दिवसाला जेवढं घ्यावं असं धरतात ते. घोळ इथेच होतो, कारण नजर सगळ्यात लहान आकड्याकडे जाते आणि सगळ्यात लहान आकडा पर सर्व्हचा असतो. आणि एक सर्व्ह म्हणजे किती हे कंपनी ठरवते, तुमची भूक नाही. बिस्किटांचं सर्व्ह दोन बिस्किटं, शेवेचं ३० ग्रॅम. आपल्याकडे चहाबरोबर दोन बिस्किटं खाऊन थांबणारा माणूस मला अजून दिसायचाय, आणि ३० ग्रॅम शेव म्हणजे किती हे कुणी मोजलंय का कधी?

मी मोजलं. मागच्या वर्षी बाबांचं बीपी वाढलं आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं. बाबांनी ते मनावर घेतलं, ताटात वरून मीठ घेणं बंद, आईनेही आमटी-भाजी अळणी करायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी बीपी होतं तिथंच. मग एका रविवारी मी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला आणि कपाटातली सगळी पाकिटं डायनिंग टेबलवर मांडली. बाबांना म्हटलं, "तुम्ही रोज जेवढं घेता तेवढंच घ्या, मी बघतेय म्हणून कमी नको." त्यांनी नेहमीच्या वाटीत शेव ओतली. ५० ग्रॅम भरली. पाकिटावर १०० ग्रॅमला सोडियम (मीठ किती आहे ते यावरूनच कळतं) होतं ८०० मिलिग्रॅम, म्हणजे वाटीत ४०० मिलिग्रॅम. सकाळी चहाबरोबर चार स्लाइस ब्रेड, एक स्लाइस २५ ग्रॅमचा, १०० ग्रॅमला ५०० लिहिलेलं, म्हणजे झाले ५००. ब्रेड खारट लागतो का? अजिबात नाही. दुपारी दोन पापड, एक पापड १२ ग्रॅमचा, १०० ग्रॅमला १,७०० म्हणजे एका पापडात २०० च्या आसपास, दोनाचे ४००. लोणच्याची एक फोड खारासकट १० ग्रॅम, तिथे १०० ग्रॅमला ५,०००, म्हणजे ५००.

बेरीज केली तर १,८००. मोठ्या माणसासाठी दिवसभराची मर्यादा धरतात २,००० मिलिग्रॅम. म्हणजे अळणी आमटी, अळणी भाजी, भाकरी हे सगळं जेवण राहिलंच बाजूला आणि कोटा संपत आला होता. बाबा बराच वेळ त्या कागदाकडे बघत बसले आणि मग एवढंच म्हणाले, "अगं मग मी दोन महिने बेचव आमटी कशाला खाल्ली?" मला फार वाईट वाटलं कारण ते खरंच मनापासून पथ्य करत होते, चुकीच्या जागी. (हे आकडे आमच्या कपाटातल्या पाकिटांवरचे, तुमच्याकडचे वेगळे असतील, तुमचे तुम्ही काढा.)

तर पद्धत अशी. पर सर्व्ह कॉलमवर हात ठेवा, झाका. १०० ग्रॅमचा आकडा घ्या, तुम्ही खरंच किती खाता ते एकदा तरी वजन करून बघा, आणि त्याने गुणा. अर्धं १०० खात असाल तर अर्धा आकडा, पाव खात असाल तर पाव. काटा नसेल तर पाकिटाचं एकूण वजन बघा आणि ते पाकीट किती दिवसांत, किती माणसांत संपतं ते आठवा, २०० ग्रॅमची शेव दोघांत दोन दिवसांत संपत असेल तर प्रत्येकी रोज ५० ग्रॅम, झालं. लोणचं किंवा चटणीच्या बाबतीत १०० ग्रॅमचा आकडा बघून घाबरू पण नका, कारण १०० ग्रॅम लोणचं कुणी एका बैठकीत खात नाही. १०० ग्रॅमचा कॉलम एकाच जातीच्या दोन वस्तूंची तुलना करायला, हा ब्रेड का तो ब्रेड, ही शेव का ती शेव. लोणच्याची तुलना बिस्किटाशी करू नका, त्याला अर्थ नाही.

सोडियम म्हणजे मीठ नव्हे

हे वेगळं सांगते कारण इथे शिकलेले लोकही चुकतात. तक्त्यात मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, आणि मीठ काढायला त्याला अडीचने गुणायचं. ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. २,००० मिलिग्रॅम म्हणजे ५ ग्रॅम मीठ, साधारण एक सपाट छोटा चमचा, तेवढंच दिवसभरात सगळं मिळून. त्यामुळे सोडियमच्या आकड्याला ४०० ने भागलं की ग्रॅममधे मीठ मिळतं, तोंडी हिशोब होतो. इन्स्टंट नूडल्सचं ७० ग्रॅमचं पाकीट घ्या, १०० ग्रॅमला १,१०० लिहिलं असेल तर पाकिटात ७७० होतं, म्हणजे जवळजवळ २ ग्रॅम मीठ एका बाऊलमधे, आणि तो बाऊल बऱ्याचदा आठ वर्षांच्या पोराचा असतो.

लो सोडियम मीठ मिळतं हल्ली, त्यात सोडियमच्या जागी काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. ज्यांना किडनीचा त्रास आहे किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या चालू आहेत त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते अजिबात सुरू करू नये, पोटॅशियम वाढणं धोक्याचं असतं.

साखर चमच्यांत मोजा

तक्त्यात "टोटल शुगर्स" आणि त्याखाली "ॲडेड शुगर्स" असं असतं. टोटलमधे दुधातली, फळातली मूळची साखर पण येते, ॲडेड म्हणजे वरून घातलेली. साध्या दह्याच्या डब्यावर टोटल ४-५ आणि ॲडेड शून्य दिसलं तर काही घाबरू नका, ती दुधाचीच साखर. फ्लेवरवाल्या दह्यावर टोटल १४ आणि ॲडेड १० दिसेल तेव्हा समजायचं की दह्यात साखर ढवळलीय.

४ ग्रॅम म्हणजे साधारण एक छोटा चमचा. सगळे आकडे ४ ने भागा. आंब्याच्या गोड ड्रिंकवर १०० मिलीला १३ ग्रॅम लिहिलं असेल आणि बाटली २५० मिलीची असेल तर साडेबत्तीस ग्रॅम, म्हणजे आठ चमचे. मी हे भाच्यासमोर केलं, आठ चमचे साखर खरोखर एका वाटीत काढली आणि बाटलीशेजारी ठेवली. तो सात वर्षांचा आहे, त्याला ग्रॅम कळत नाहीत पण वाटी कळली. "एवढी? चहात तर आजी एकच चमचा घालते." त्याच्या आईला सांगून जे झालं नव्हतं ते त्या वाटीने झालं, आता बाटली मागतो पण अर्धीच पितो.

टक्क्यांसाठी ॲडेड साखरेची दिवसाची मर्यादा ५० ग्रॅम धरतात. पण आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मधे भारतीयांसाठी जी आहारसूत्रं काढली त्यात साखर रोज २० ते २५ ग्रॅमवर ठेवा असं म्हटलंय. म्हणजे लेबलवर २० टक्के दिसलं तर या हिशोबाने ते ४० टक्के झालं. मी तरी २५ च धरते.

आणि टक्के कुणाचे ते पण बघा. ते २,००० कॅलरी लागणाऱ्या मोठ्या माणसाच्या हिशोबाने काढलेले असतात. ऊर्जा २,०००, एकूण फॅट ६७ ग्रॅम, सॅच्युरेटेड २२ ग्रॅम, ट्रान्स २ ग्रॅम, साखर ५०, सोडियम २,०००. चार ते सहा वर्षांच्या मुलाला दिवसाला १,३६० च्या आसपास कॅलरी लागतात. म्हणजे पाकिटावरचे १५ टक्के त्याच्यासाठी वीसच्या वर गेले. पुड्यावर कार्टून मुलांसाठी आणि टक्के मात्र मोठ्यांचे, हे मला बरोबर वाटत नाही.

तेलाचं पटकन

१ ग्रॅम फॅटमधे ९ कॅलरी, पिठूळ पदार्थ किंवा प्रोटीनमधे ४. चिप्सवर १०० ग्रॅमला ५५० कॅलरी आणि फॅट ३४ असेल तर ३४ गुणिले ९ म्हणजे ३०६, म्हणजे निम्म्याहून जास्त कॅलरी नुसत्या तेलाच्या. ५० ग्रॅमच्या पाकिटात १७ ग्रॅम तेल, जवळजवळ चार छोटे चमचे. ट्रान्स फॅटवर (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला वाईट चरबी) २०२२ पासून एकूण तेल-तुपाच्या २ टक्क्यांची मर्यादा आली ही खूप चांगली गोष्ट झाली, त्यामुळे आता तिथे बहुतेक शून्य किंवा पॉइंटमधलाच आकडा दिसेल, तुम्ही सॅच्युरेटेडवर लक्ष ठेवा. डायजेस्टिव्ह नावाच्या बिस्किटात १०० ग्रॅमला १० ग्रॅम सॅच्युरेटेड आणि १८ ग्रॅम साखर दिसू शकते, चार बिस्किटं म्हणजे साधारण ५० ग्रॅम, दिवसाच्या २२ पैकी ५ ग्रॅम गेले आणि दोन चमच्यांवर साखर. आमच्या ओळखीत कितीजण शुगर आहे म्हणून साधी बिस्किटं सोडून ही खातात, आणि मोकळ्या मनाने दोन जास्त खातात.

पुढच्या बाजूवरचे शब्द

"कोलेस्टेरॉल फ्री" तेलावर, चिप्सवर लिहितात. कोलेस्टेरॉल प्राण्यांपासून आलेल्या पदार्थात असतं, शेंगदाणा तेलात ते तसंही नसतं. कुठलंच खाद्यतेल त्यामुळे "हार्टला चांगलं" होत नाही.

"शुगर फ्री" म्हणजे १०० ग्रॅममधे अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही. बाकी मैदा, तूप, तेल सगळं असू शकतं. ज्यांना शुगर आहे त्यांनी कार्बोहायड्रेटची ओळ बघायचीच, कारण मैद्याची शेवटी साखरच होते. शुगर फ्री मिठाईत माल्टिटॉल, सॉर्बिटॉल सारखी पोटाला ढिली करणारी गोडी असते, लेबलवर तशी सूचना पण असते, दिवाळीत चार पेढे खाऊन पोट बिघडलं तर कारण ते असू शकतं. "नो ॲडेड शुगर" वेगळं, म्हणजे वरून साखर घातली नाही, पण खजूर, मनुका भरपूर असतील तर गोडी त्यांची आहेच.

"हाय फायबर" लिहायला १०० ग्रॅममधे ६ ग्रॅम फायबर लागतं, "सोर्स ऑफ फायबर" ला ३. म्हणजे शब्द बघून खूश होण्यापेक्षा तक्त्यात आकडा शोधा. "मल्टीग्रेन" म्हणजे एकापेक्षा जास्त धान्यं, पण त्यातलं पहिलं आणि सगळ्यात जास्त मैदा असू शकतं. "१०० टक्के फ्रूट ज्यूस" हे तर जून २०२४ मधे एफएसएसएआयने (खाद्यपदार्थांचे नियम ठरवणारी केंद्र सरकारची संस्था) लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायलाच सांगितलं, कारण ज्यूस आटवून परत पाणी घालून बनवलेला असतो. आणि ज्यूस, फ्रूट ड्रिंक हे वेगवेगळे पदार्थ आहेत बरं का, ड्रिंकमधे फळाचा रस १० टक्के असला तरी चालतो. असंच आइस्क्रीम आणि "फ्रोझन डेझर्ट", दुसऱ्यात दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल असतं. डब्यावर बारीक अक्षरात पदार्थाचं खरं नाव लिहिलेलं असतं, ते एकदा वाचाच.

खरं तर हे इतकं कोडं सोडवायची वेळ गिऱ्हाइकावर यायलाच नको. चिलीमधे २०१६ पासून साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅट, कॅलरी प्रमाणाबाहेर असेल तर पाकिटाच्या समोरच काळा अष्टकोन छापावा लागतो, लहान मूलही ओळखतं. आपल्याकडे एफएसएसएआयने जुलै २०२४ मधे साखर, मीठ, सॅच्युरेटेड फॅटचे आकडे ठळक आणि मोठ्या अक्षरात छापायच्या प्रस्तावाला मान्यता दिली होती. माझ्या मते अक्षर मोठं करून भागणार नाही, माझ्या आईला इंग्रजी अक्षर मोठं झालं तरी इंग्रजीच राहणार. समोर चिन्ह पाहिजे, हिरव्या आणि तपकिरी खुणेसारखं. व्हेजचा हिरवा ठिपका आणि नॉनव्हेजचा तपकिरी त्रिकोण कुणाला शिकवावा लागला का?

तोपर्यंत आम्ही घरात एक केलंय. वहीच्या मागच्या पानावर आईसाठी मोठ्या अक्षरात लिहून दिलं, सोडियमचं स्पेलिंग, शुगरचं, सॅच्युरेटेडचं, आणि त्यापुढे मराठीत अर्थ. तिने ते पान फाडून पाकिटाच्या आकाराची घडी करून पर्समधे ठेवलंय. ती इंग्रजी वाचत नाही, अक्षरांचे आकार जुळवते आणि पुढचा आकडा बघते, आकडे तर तिला येतातच. वाण्याकडे दोन पापडांची पाकिटं शेजारी धरून जुळवत उभी राहते. तुमच्या आईला, सासूबाईंना असं करून द्या, अर्धा तास लागतो. अक्षर फारच बारीक असेल तर मोबाइलने फोटो काढून झूम करायचा, हे तर सगळ्यांना जमतं.

जिथे तक्ताच नसतो

छोट्या पाकिटांना, म्हणजे ज्यांचं पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही त्यांना, घटक आणि तक्ता छापण्यातून सूट आहे, ती माहिती मोठ्या खोक्यावर असली की चालतं. त्यामुळे अगदी चिमुकल्या पुड्यांवर, सॅशेवर काहीच सापडलं नाही तर दुकानदाराला खोका दाखवायला सांगा, किंवा त्याच वस्तूचं मोठं पाकीट वाचा. बेकरीची खारी, नानकटाई, वजनावर मिळणारा फरसाण यांना तक्ता कुठून असणार. तिथे अंदाज असा बांधायचा की तशाच प्रकारच्या पॅकबंद वस्तूचा १०० ग्रॅमचा आकडा धरायचा आणि वजनाने घेतलेलं असल्यामुळे हिशोब उलट सोपाच, पाव किलो घेतलं तर आकडा गुणिले अडीच, भागिले घरातली माणसं आणि दिवस.

पॅकबंद वस्तूवर १४ आकडी एफएसएसएआय नंबर आहे का ते मात्र बघाच. घरगुती म्हणून विकल्या जाणाऱ्या चकल्या-चिवड्याच्या पिशव्यांवरही तो पाहिजे, छोट्या उद्योगांना नोंदणीचा नंबर मिळतो, तो २ ने सुरू होतो, मोठ्यांच्या लायसन्सचा १ ने. घरगुती करणाऱ्या बायकांना मी आवर्जून सांगते की नोंदणी करून घ्या, गिऱ्हाइकाचा विश्वास बसतो.

आणि लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळत नाही असं वाटलं, तारीख खोडून नवी मारलेली दिसली, तर पाकीट फेकू नका. मला एकदा एका दुकानातून पोह्यांच्या चिवड्याचं असं पाकीट मिळालं होतं, जुन्या तारखेवर स्टिकर, आणि मी रागाच्या भरात ते कचऱ्यात टाकलं आणि मग तक्रार करायला हातात काहीच उरलं नाही. आधी फोटो काढा, पुढून, मागून, आणि बॅच नंबरचा जवळून, बिल जपून ठेवा, मग पाकिटावरच्या ग्राहक नंबरवर फोन करा किंवा अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या ऑफिसला द्या. बॅच नंबर विचारतातच, म्हणून तो फोटोत स्पष्ट आलाय ना ते तिथेच बघून घ्या.